चकोराच्या मागे, नेवाडाच्या डोंगरात

चकोर म्हणजे चांदणं पिणारा पक्षी, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. खरा चकोर पाहिला तो अमेरिकेत, नेवाडातल्या एका वाळक्या टेकडीवर. इथे त्याला चुकार म्हणतात. पक्षीही आपल्याच बाजूचा. आशियातून आणलेले चकोर नेवाडात १९३५ मध्ये सोडले, आणि ते इतके रुळले की १९४७ मध्ये शिकारीचा पहिला हंगाम खुला झाला.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार म्हणजे गुन्हा. मी त्याच समजुतीत वाढलो. त्यामुळे शेजारी "चल" म्हणाला तरी हो म्हणायला मला दोन वर्षं लागली. कोंबडी मी खातो, ती कापतं दुसरंच कुणी. एकदा तरी हे आपल्या हातानं करावं आणि मग ठरवावं, असं वाटलं.

१ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्याला इथे शिकारीचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. कोर्समधली एक गोष्ट मी रोज घरी घोटली: कुंपण ओलांडायच्या आधी दुनळी उघडायची, काडतुसं काढायची, मगच पाय उचलायचा.

नोव्हेंबरात नेवाडातल्याच विनेमका गावाच्या उत्तरेला गेलो. काळा दगड, घसारा आणि गुडघाभर सेजची झुडपं. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला कातळ नवा नाही, पण इथे पायवाट नसते. खालून चढायला लागलो की वर 'चक-चक-चकार' ऐकू यायचं आणि थवा दगडांवरून पळत अजून वर जायचा. चकोर चढावर पळतो आणि उडतो ते उताराकडे. दिवसभर मी त्यांच्या मागे चढलो आणि एकही बार न टाकता परतलो. शेजारी म्हणाला, त्यांच्या मागे जाऊ नकोस, आडव्या सोंडेनं माथा गाठ आणि वरून खाली ये.

पुढच्या खेपेला तेच केलं. माथ्याखालच्या कपारीपाशी शेजाऱ्याची कुत्री एक पाय उचलून थिजल्यासारखी उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि पंखांचा एकदम फडफडाट झाला. पहिला बार चुकला, दुसऱ्याला एक पक्षी पडला. पंख मोडलेला, पण जिवंत, आणि तसाच दगडांत पळाला. कुत्रीनं तो शोधून आणला तेव्हा माझ्या तळहाताला त्याची धडधड लागत होती. मान मुरगळायला मला वेळ लागला. लावू नये. तेवढा वेळ त्याला वेदना होतात.

तासाभराने आणखी एक पाडला. तो कड्याखाली गेला. आम्ही दोघांनी आणि कुत्रीनं अंधार पडेपर्यंत फटी न् फटी पाहिली, पण तो मिळाला नाही. दिवसाची मर्यादा सहाची होती. तो माझ्या सहातला एक, असं मी धरलं आणि बंदूक रिकामी केली.

घरी पक्षी साफ करताना त्याला नीट पाहिलं. लाल चोच, डोळ्यांवरून गळ्यापर्यंत उतरलेला काळा पट्टा, कुशीवर उभ्या रेघा. गळ्याखालची पिशवी चीटग्रासच्या हिरव्या पात्यांनी गच्च भरलेली. हे गवतही बाहेरून आलेलं, आणि त्यानं इथलं माळरान पार बिघडवलंय. वणवे त्याच्यामुळे भडकतात. चकोर मात्र त्याच्यावरच पोसतो.

चकोराला चरबी फारशी नसते, म्हणून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर बराच वेळ शिजू दिला. चौघांना मिळून एकच पक्षी. जेवताना माझ्या घासात एक छर्रा आला, तो मी ताटाच्या कडेला काढून ठेवला. मुलीनं विचारलं, "दुसरा कुठे गेला?" कडा, अंधार, आमचं शोधणं, सगळं तिला सांगितलं.