नवी हौसिंग, जुनाच क्राउन-पिनियन : तिसऱ्या शेंदराला जमलं

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे ओढा ओलांडताना जीपचं मागचं उजवं चाक जोरात खड्ड्यात आदळलं. त्यानंतर त्या बाजूचं ऑइल सील टिकेना. तीन सीलं बदलली, मग टायरही आतल्या अंगाने झिजू लागला. मागच्या दोन रिममधलं अंतर वर आणि खाली मोजलं, तर वरचं ७ मिमी कमी भरलं. सीलचा दोष नव्हता, ॲक्सलचा ट्यूबच (चाक फिरवणारा दांडा ज्यात असतो ती नळी) वाकला होता.

दुसरी हौसिंग, म्हणजे ट्यूबसकट ॲक्सलचं बाहेरचं लोखंडी कवच, शोधायला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दोन रविवार आणि एक बुधवार घालवला. शेवटी एका भंगारवाल्याकडे स्पायसर ४४ या ॲक्सल मॉडेलच्या घडणीची, ट्यूब सरळ असलेली हौसिंग मिळाली. सरळ आहे यावर नुसत्या डोळ्यांनी विश्वास ठेवला नाही. भोसरी एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्या काकांनी दोन्ही टोकांचे फ्लँज (चाकाकडच्या कडा) डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळी माप) लावून तपासले, मगच पैसे दिले.

घरी आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "बेरिंगच्या कॅप याच हौसिंगच्या आहेत ना?" अण्णा धायरीत चाळीस वर्षं जीपच उघडतायत. कॅप म्हणजे बेरिंगला जागेवर धरणारी अर्धगोल पकड. ती बोल्टने आवळून ठेवूनच कारखान्यात बेरिंगची जागा एकत्र बोअर करतात, त्यामुळे एका हौसिंगची कॅप दुसरीला चालत नाही. कॅपवर आणि हौसिंगच्या मशिन केलेल्या तोंडावर अक्षरं ठोकलेली असतात, एका बाजूला उभं, दुसऱ्या बाजूला आडवं. माझ्या एका कॅपवरचं अक्षर कुठेच जुळेना. परत गेलो. भंगारवाल्याच्या तेलकट डब्यात अर्धा तास हात घातल्यावर खरी कॅप सापडली. कुणीही जुनी हौसिंग घेत असेल तर दुकानातच ही अक्षरं जुळवून बघा.

जुना डिफ (डिफरन्शियल, हौसिंगच्या मधला गिअरचा संच) खोलण्याआधी जे केलं, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. क्राउनचे (मोठा गिअर) दात ४३ आणि पिनियनचे (त्याला फिरवणारा छोटा गिअर) ८, म्हणजे रेशो ५.३८. ही जोडी इतक्या वर्षांत घासून घासून एकमेकांच्या अंगाची झालेली असते. म्हणून जुन्या दातांना पुस्तकातल्या आकड्यावर नेण्यापेक्षा त्यांच्या सवयीच्या जागेवर परत बसवायचं असतं. डायल लावून प्ले (दोघांच्या दातांमधला मोकळेपणा) तीन ठिकाणी मिमीत मोजला : ०.२०, ०.२२, ०.२०. मग शेंदूर लावून दात जिथे टेकतात तिथे उमटलेल्या ठशाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. जुनी मॅन्युअलं ज्याला रेड लेड म्हणतात, तो हाच शेंदूर. थोड्या तेलात कालवून लोण्याइतका घट्ट ठेवायचा. शिशाचा असतो, तेव्हा हातमोजे घालूनच.

मोकळी हौसिंग धुण्यात एक अख्खा रविवार गेला, आणि जायलाच हवा होता. ट्यूबच्या आत जुन्या वेल्डिंगचे मणी आणि वाळलेला चिखल होता. दोरीला चिंध्या बांधून डिझेलमधून दहा-बारा वेळा आरपार ओढल्या, शेवटची चिंधी पांढरी येईपर्यंत. त्यातला एक कण बेरिंगमध्ये गेला असता तर सगळी मेहनत पाण्यात.

आता जुळणी. बेरिंग नवीन घेतली, पण चाचणीसाठी जुन्याच बेरिंगची आतली भोकं एमरीने किंचित मोठी करून घेतली. नाहीतर प्रत्येक शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) बदलताना पुलर (बेरिंग उपसायचं हत्यार) लावून नव्या बेरिंगची वाट लागते. माझ्या डिफमध्ये पिनियन किती आत जाईल हे आतल्या बेरिंगच्या कपाखालची (बेरिंगच्या बाहेरच्या कड्याखालची) शिम ठरवते. जुन्या हौसिंगमधली ०.८० मिमीची शिम तशीच घातली, आणि पहिला ठसा दाताच्या मुळाशी उतरला. पिनियन जास्त आत. हौसिंग बदलली की कारखान्यातल्या मशिनिंगचा फरक असा दिसतो, जुनी शिम नुसती सुरुवात म्हणून धरायची. ०.७० केल्यावर ठसा दाताच्या शेंड्याकडे पळाला. ०.७५ ला, तिसऱ्या शेंदराला, तो फोटोतल्या जागेवर आला. मी आणि अण्णा बराच वेळ टॉर्च धरून नुसते बघत बसलो.

इथे एक गोष्ट निसटते. कपाखालची शिम ०.०५ ने कमी केली की बाहेरच्या बेरिंगपाशी प्रीलोडच्या (बेरिंगवर आधीच ठेवलेल्या दाबाच्या) शिमही तेवढ्याच कमी कराव्या लागतात, नाहीतर पिनियन सैल राहतो. आणि पिनियन मागे आल्यामुळे प्ले ०.२५ झाला होता. दातांच्या बाजूची ०.०७ शिम काढून क्राउनच्या पाठीमागे घातली, एकूण जाडी तीच ठेवली. प्ले परत ०.२० वर.

मग खरी बेरिंग दाबली आणि पिनियनचा नट २८० न्यूटन-मीटरला आवळला. प्रीलोड मोजायला योकवर (पिनियनच्या बाहेरच्या टोकावरचा जोड) ४ सेंमी त्रिज्येवर दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने ओढलं. सील न बसवता साडेसात किलोला सारखा फिरत राहिला, म्हणजे जवळपास ३ न्यूटन-मीटर. नव्या बेरिंगला हे योग्य. स्प्रेडर (हौसिंग किंचित फाकवायचं हत्यार) नसल्यामुळे केज (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा) फायबरच्या हातोडीने हळूहळू आत बसवावा लागला. तो घट्टच जायला हवा. हाताने सहज आत गेला तर शिम कमी आहेत असं समजा.

बाकी कामं पटकन झाली. ब्रीदरला (हौसिंगच्या हवेच्या छिद्राला) लांब नळी लावून वर चासीपर्यंत नेली, पुन्हा ओढ्यात पाणी नको. ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल सव्वा लिटर.

काल सकाळी सहाला धायरीहून खडकवासला, पुढे डोणजे आणि परत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज नाही. सोडल्यावर ४५ च्या आसपास अगदी बारीक गुणगुण येते, ती जुन्या हौसिंगमध्येही होती. घरी येऊन हात लावला तर हौसिंग कोमट, सील कोरडं. ५०० किमीला ऑइल काढून मॅग्नेटवर काय जमतं ते बघणार, आणि त्याच दिवशी रिममधलं अंतर पुन्हा मोजणार. आत्ता वर-खाली फरक १ मिमीपेक्षा कमी आहे.