तुम्ही विचारलंत म्हणून: पोरींना तिथे भीती नाही वाटत?

मी नर्सिंग कॉलेजात मानसिक आरोग्य शिकवते. मुलांना मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगला घेऊन जाणं माझ्याकडेच असतं. त्यामुळे पालकसभा असो की लग्नाची पंगत, प्रश्न ठरलेला: "मॅडम, एवढ्याशा पोरींना तिथे नेता, भीती नाही वाटत त्यांना?"

वाटते की. पुण्यात कुणी जरा वेगळं वागलं की 'याला येरवड्याला पाठवा', मुंबईकडे ठाण्याला. नागपुरात तर एका चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात. हे ऐकत वाढलेली मुलं गेटातून आत शिरताना एकमेकांचे हात धरणारच. पण ही भीती फार टिकत नाही. वॉर्डात कुणी "जेवलीस का गं?" विचारतं, कुणी कॅरमवर सणसणीत हरवतं, आणि मुली रुळतात. (मुलग्यांना जास्त वेळ लागतो. ते कबूल करत नाहीत.)

मला घोर आहे तो पेशंटवरच्या अविश्वासाचा, आणि तो मनोरुग्णालयात नाही, साध्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत दिसतो. पोट दुखतं म्हणून एक पेशंट आला होता. केसपेपरवर स्किझोफ्रेनिया वाचलं आणि शिकाऊ डॉक्टरांपासून नर्सिंगच्या मुलींपर्यंत सगळ्यांनी ऐकणंच सोडलं. 'सायकीची (म्हणजे मानसोपचाराची) केस आहे, तिकडे रेफर करा.' तो क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीवर होता. या गोळीने बद्धकोष्ठता इतकी वाढू शकते की आतडं अडतं, माणूस दगावूही शकतो. पाच दिवस शौचाला झालेली नाही, हे त्याच्या आईने पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे कुणीतरी पोटाला हात लावला. त्याने स्वतः तेच सांगितलं होतं, आल्याआल्या.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बरेच जण हृदयविकार, मधुमेह, संसर्ग अशा टाळता येण्यासारख्या कारणांनी. त्यात या न ऐकण्याचाही वाटा आहेच.

मुलं मुळात वाईट नसतात. आम्ही शिकवतोच तसं. एमबीबीएसला मानसोपचाराची वेगळी परीक्षा नाही, मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न येतो. सायकीची पोस्टिंग म्हणजे हक्काची सुट्टी, अशी ख्याती. नर्सिंगला निदान वेगळा विषय आहे, पण आम्हीही मुलांना दाखवतो तो वॉर्डच, म्हणजे सगळ्यात आजारी माणसं. जी सावरली ती कामाधंद्याला लागलेली असतात, ती वॉर्डात कशाला येतील? मग मुलं ठरवून टाकतात, यांचं काही होत नाही. 'हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे' असं कितीही घोकून घेतलं तरी उपयोग बेताचाच. त्याने पेशंटला दोष देणं कमी होतं, पण हा कधी बरा होणार नाही ही समजूत उलट घट्ट होते, असं अभ्यासांतही दिसलं आहे.

2022 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरातले अभ्यास तपासून सांगितलं, की मानसिक आजाराचा कलंक कमी करायला सगळ्यात उपयोगी पडतो तो हा आजार अनुभवलेल्या माणसांशी थेट संपर्क. म्हणून मी मुलांना फॉलोअपच्या ओपीडीत बसवते, तिथे सावरलेली माणसं भेटतात. शिवाय पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई वर्गावर येतात. त्यांना बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं उसळतं, कधी पार खचतं; त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. निर्जळी एकादशी का करायची नाही, मीठ एकदम का तोडायचं नाही, त्याने रक्तातली लिथियमची पातळी कशी चढते, हे त्या माझ्यापेक्षा चांगलं समजावतात. मुलं मुकाट्याने लिहून घेतात. पेशंटकडून नोट्स घ्यायची वेळ त्यांच्यावर एरवी येत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. यातल्याच एखाद्या मुलीला झोप लागेनाशी होते, जगणं नकोसं वाटतं, तेव्हा ती आमच्याच रुग्णालयाच्या ओपीडीत जायला तयार होत नाही. 'सायकीची केस' कशी म्हटली जाते ते तिने ऐकलेलं असतं, कधी स्वतःही म्हटलेलं असतं. अशा मुलींना मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर देते. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथे आपली बॅचमेट केसपेपर काढायला बसलेली नसते.