मोतीला ठेवून घ्या, गुरुजी

दिवाळी आटोपली की आमच्या बीड जिल्ह्यातील अनेक वस्त्या आणि तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना या धंद्यात ‘कोयता’ असेच म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडीकुंडी, अंथरुणे, लहान मुले आणि एखादी शेळी बसते. कुत्र्याला मात्र बहुतेक वेळा जागा उरत नाही. ते ट्रॉलीमागे फाट्यापर्यंत धावते आणि मग परत येऊन कुलूप लावलेल्या दारासमोर बसून राहते. शिक्षक म्हणून नोकरीत असताना हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले होते. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या एका प्राणी निवाऱ्यात मदतीला जाऊ लागलो, तेव्हा त्याच्या पुढचा भाग मला दिसला.

आमचा निवारा मोठा नाही. पत्र्याची दोन शेड, जाळीचे दहा-बारा कप्पे, आजारी प्राण्यांसाठी एक वेगळी खोली आणि आठवड्यातून दोनदा येणारे पशुवैद्यक, एवढाच पसारा आहे. सुरुवातीला तेथे एकच रीत होती: कोणी प्राणी आणून दिला की वहीत नोंद करायची आणि तो ठेवून घ्यायचा. नाही म्हणणे निर्दयपणाचे वाटे. परिणामी हिवाळा येईपर्यंत एकेका कप्प्यात चार-चार कुत्री कोंबली जात, आणि अशाच एका वर्षी तेथे कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची साथ शिरली. उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली की पिले दोन-तीन दिवसांत जात. हा विषाणू जमिनीवर आणि भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि त्याला मारण्यासाठी ब्लीचिंगच्या द्रावणासारखे जंतुनाशक वापरावे लागते, हे आम्हाला चौदा पिले पुरल्यानंतर कळले. त्या वर्षीची वही मी अजूनही अधूनमधून उघडून पाहतो. तिच्यात प्राणी कधी आला, कोणी आणला, हे सगळे आहे. का आणला, हा रकानाच नाही.

तो रकाना आम्ही नंतर आखला आणि निवाऱ्याचे काम तेथून बदलले. कारणे लिहू लागल्यावर लक्षात आले की प्राणी नकोसा झाला म्हणून आणणारे लोक थोडे असतात. बहुतेकांची एखादी नेमकी अडचण असते आणि ती सुटली तर ते आल्या पावली जनावर घेऊन घरी परततात.

मोतीची मालकीण अशीच आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची टोळी निघणार होती. पांढऱ्या-तांबूस रंगाच्या त्या कुत्र्याच्या गळ्यात साडीच्या काठाचा पट्टा होता. ती म्हणाली, “गुरुजी, मोतीला ठेवून घ्या. मागल्या साली नेला व्हता तर फडात उसाच्या ट्रकखाली सापडता सापडता वाचला. लेकरावानी हाय, पर तिथं कोपीत आमालाच जागा पुरत न्हाई.” मी विचारले, “घरी मागे कोण राहते?” “सासूबाई हायत. त्येंचंच खाण्याचे वांधे, ह्याला काय घालतील?”

ऊसतोड कामगारांची मुले शाळा सोडून फडावर जाऊ नयेत म्हणून आमच्या भागात हंगामी वसतिगृहे चालतात, आणि अनेक मुले गावी आजीजवळ राहून शिकतात. शाळेत असताना मी ही व्यवस्था जवळून पाहिली होती, त्यामुळे प्रश्न मला ओळखीचा वाटला. मोतीला निवाऱ्यात कोंडण्याऐवजी त्याच्याच अंगणात, आजीजवळ ठेवायचे आणि त्याचे खाणे आपण पुरवायचे, असे आम्ही ठरवले. आजीकडे दर महिन्याला कण्या आणि बाजरीच्या पिठाची गोणी जाऊ लागली, पंधरा दिवसांनी आमचा एक मुलगा फेरी मारू लागला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला रात्रीचा राखणदार मिळाला, हा लाभ आमच्या हिशेबात नव्हता. तो आजींनीच आम्हाला सांगितला. ज्यांच्या घरी मागे कोणीच राहत नाही, त्यांच्याच कुत्र्यांना आता आम्ही हंगामभर निवाऱ्यात जागा देतो. फोटो, कुटुंबाचा फोन नंबर आणि मुकादमाचा फोन नंबर वहीत घेतो, लस आधीच टोचतो, आणि मालक तयार असेल तर त्याच वेळी निर्बीजीकरणही करून घेतो.

दुसरी मोठी अडचण आजाराची असते. नाकातून रक्त येणारे कुत्रे घेऊन एक शेतकरी आले होते. कुत्रे पिसाळणार असे कोणीतरी त्यांना सांगितले होते आणि घरात लहान मुले होती. तपासणीत तो गोचीड ताप निघाला. गोचिडांमार्फत होणारा हा आजार रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) कमी करतो, म्हणून असा रक्तस्राव होतो, आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण २८ दिवस नेमाने दिल्यास बहुतेक कुत्री बरी होतात. गोळ्या महाग नसतात. त्या पूर्ण मुदतीपर्यंत दिल्या जाणे अवघड असते, कारण आठव्या दिवशी कुत्रे खेळू लागले की मालक औषध थांबवतात. म्हणून आम्ही सात-सात दिवसांच्या पुड्या करून देतो आणि पुढची पुडी घ्यायला कुत्र्यासह यायला सांगतो. मांजरांच्या बाबतीत एक सूचना मी भेटेल त्याला देतो: ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, एवढीशी मात्राही तिचा जीव घेऊ शकते. आमच्या आवाक्याबाहेरच्या शस्त्रक्रियांसाठी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो. ज्याच्याकडे वाहन नाही त्याच्यासाठी तो रस्ता फार लांबचा असतो, म्हणून देणगीतून आम्ही औषधांइतकाच खर्च जीपच्या डिझेलवर करतो आणि मला तो योग्य वाटतो.

पिलांचा प्रश्न वेगळा आहे. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा विऊ शकते, त्यामुळे पाळलेल्या एका कुत्रीची पिले दोन वर्षांत साऱ्या गल्लीला पुरून उरतात. निवाऱ्याच्या दारात खोक्यात ठेवून जाणाऱ्यांवर पूर्वी मला राग येई. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्यात १० ते ५० रुपये एवढाच आहे, आणि दंड वाढला तरी कुत्री विणे थांबणार नाही. आता खोके आणणारा माणूस भेटला तर आम्ही पिलांसोबत आईलाही आणायला सांगतो, तिचे निर्बीजीकरण विनामूल्य करतो आणि पिलांना घरे शोधतो. गल्लीतील भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घालून दिलेली पद्धत अशी आहे की, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाल्यावर कानाला खूण करून त्यांना जिथून पकडले तिथेच परत सोडायचे. लोकांना हे पटवताना वेळ लागतो. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली तर तेथील रेबीजची साखळी तुटते, आणि लस टोचलेले ओळखीचे कुत्रे हटवले की त्याच्या जागी लस न टोचलेले अनोळखी कुत्रे येते, हे मी प्रत्येक शिबिरात सांगतो. कुत्रे चावल्यास हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा, हेही त्याच दमात सांगतो.

उन्हाळ्यात कामाचे स्वरूप बदलते. पारा ४२ अंशांवर गेला की टँकरची वाट पाहणाऱ्या घराकडून कुत्र्यासाठी पाणी मागणे मला जड जाते. त्यामुळे सिमेंटच्या कुंड्या आम्ही वाटतो आणि त्या भरण्याचे काम ज्यांच्या बोअरला पाणी टिकून आहे अशा घरांकडे सोपवतो. एप्रिलमध्ये एका एकट्या गृहस्थांना हृदयविकारासाठी छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागले. ते निघायला तयार होईनात, कारण घरात दोन मांजरे होती. आम्ही घराची किल्ली घेतली आणि एकोणीस दिवस दोन्ही वेळा जाऊन दूध-भात घातला. मांजरे आपल्या घरातच राहिली.

मोतीची माणसे गुढीपाडव्याच्या सुमारास परतली. मी आजींची उरलेली गोणी परत आणायला गेलो होतो. मोती ट्रॉलीच्या आवाजाने उठला, फाट्याकडे धावला आणि या वेळी ट्रॉलीच्या पुढे पळत घरी आला. त्याच्या मालकिणीने ओझे उतरवण्याआधी त्याचे कान धरून गोचीड आहे का ते पाहिले. यंदा ती दसऱ्याच्या आधीच निवाऱ्यात आली आणि म्हणाली, “गुरुजी, औंदा बी गोणी लागंल. अन् शेजारणीच्या वाघ्याचं बी नाव लिवा, तिच्या घरी मागं कुणीच न्हाई.” वहीतल्या ‘का आणला’ या रकान्यात मी ‘कारखाना, पाडव्यापर्यंत’ असे लिहिले आणि शेडमधला खिडकीजवळचा कप्पा वाघ्यासाठी राखून ठेवला.