तुम्ही विचारलंत म्हणून: रॉकेटसाठी वारा का ऐकतात?

ध्वनीने वारा मोजणाऱ्या यंत्रांवर मी नोकरीभर काम केले, हे कळले की फोंड्यातले शेजारी हटकून विचारतात: रॉकेट एवढ्या उंच जाते, मग जमिनीलगतच्या वाऱ्याची चिंता कशाला, आणि वारा मोजायला फुगा सोडून भागत नाही का?

चिंता एवढ्यासाठी की तळ सोडताना रॉकेटचा वेग सर्वांत कमी असतो आणि त्या मानाने वारा त्याला सर्वांत अधिक भोवतो. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सुटलेल्या नाइकी-अपाचीसारखे दिशानियंत्रण नसलेले रॉकेट पानासारखे वाऱ्याबरोबर वाहत जात नाही. शेपटीच्या पंखांमुळे ते तोंड वाऱ्याकडे वळवते आणि इंधन जळत असल्याने त्याच दिशेला निघते. म्हणून लाँचरचा कोन वारा पाहून आधीच बदलतात, आणि त्या हिशेबात पहिल्या काहीशे मीटरांतला वारा फार भारी ठरतो.

फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटर चढतो, त्यामुळे पहिले ५०० मीटर तो १०० सेकंदांत ओलांडतो आणि त्या थराची एकच झलक देतो. किनाऱ्यावर मतलई वारे पडून खारे वारे सुटले की ती झलक शिळी होते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर दुपारी उभे राहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

सोडार, म्हणजे ध्वनीने वारा मोजणारे आमचे यंत्र, मात्र त्या थरावर सतत कान ठेवून असतो. तो आकाशाकडे, समजा २,००० हर्ट्झचा, छोटा सूर सोडतो. हवेच्या तापमानातील बारीक चढउतारांवरून त्याचा अतिक्षीण अंश परततो, ५०० मीटरांवरून सुमारे ३ सेकंदांनी. हवा यंत्राकडे येत असेल तर सूर किंचित चढतो, दूर जात असेल तर उतरतो. सेकंदाला १ मीटर वेगाला हा फरक जेमतेम १२ हर्ट्झ असतो, म्हणून अनेक प्रतिध्वनींची सरासरी काढावी लागते. एक झोत सरळ वर आणि निदान दोन तिरके सोडले की वाऱ्याची दिशाही कळते. अमेरिकेत केप कॅनाव्हरलला डेल्टा-४ रॉकेटच्या तळाजवळ असा लहान सोडार बसवला होता. वरच्या थरांसाठी फुगा लागतोच, कारण सोडारची धाव बहुधा किलोमीटरच्या आतच संपते.

आमच्या अंगणात एखादा बसवा, असा आग्रहही होतो. पण भोवती माडच माड. त्यांच्यावरून परतणारा स्थिर प्रतिध्वनी मिसळून वारा प्रत्यक्षाहून मंद दिसेल, आणि मृगाची सर आली की थेंबांच्या आवाजात यंत्राला काही ऐकूच येणार नाही.