पथारीला घर नंबर नसतो

सुरतेची एक मसाला कंपनी. बेत साधाच होता: नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची घ्यायची, गावाबाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणीच्या मोकळ्या जागेवर, वाळवायची, देठ खुडून पोती भरायची आणि आपल्याच सुरतेच्या कारखान्यात दळायला न्यायची. शेठ म्हणाले, "इथं एका रुपयाचं बिल फाडायचं नाही. विक्रीच नाही, तर महाराष्ट्रात नोंदणी कशाला?"

सीमेपलीकडचा जवळजवळ प्रत्येक व्यापारी हेच विचारतो. कंपनी म्हणून पुन्हा नोंदणी लागत नाही, हे खरंच आहे. गुजरातेत स्थापन झालेली कंपनी देशात कुठेही धंदा करू शकते. जीएसटीत तसं चालत नाही. पॅन एक असला तरी सुरतेचा कारखाना आणि नंदुरबारची पथारी या कलम 25 प्रमाणे दोन वेगळ्या व्यक्ती. एकीने दुसरीला माल पाठवला की पैसे न घेताही तो पुरवठाच. त्यात तो परराज्यात जातो, म्हणजे उलाढालीची मर्यादा बघायचीच नाही. पहिल्या पोत्यापासून नोंदणी हवी. शिवाय ओल्या मिरचीवर कर शून्य आणि वाळलेल्या मिरचीवर 5 टक्के. पथारीवर पडून मिरची करपात्र होते, हे बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा अर्ज आधीच भरलेला होता, सुरतेतूनच, आणि त्यावर आरईजी-03 ची, म्हणजे अर्जातल्या त्रुटींचा खुलासा मागणारी, नोटीस आली होती. हरकती दोन. जोडलेलं वीजबिल जमीनमालकाच्या नावाचं नाही, आणि प्रत्यक्ष पाहणीत जागेवर कोणताही व्यवसाय आढळला नाही. उत्तराला मुदत सात कामकाजाचे दिवस. ती चुकली की अर्ज नामंजूर.

पाहणी अहवालाला जोडलेला फोटो असा असणार, हे फोटो न बघताही मला कळलं: रिकामी जमीन, गुडघाभर गवत, कोपऱ्यात पत्र्याची शेड. पाहणी झाली भाद्रपदात. खरा हंगाम दसऱ्यानंतर. तेव्हा त्याच जमिनीवर नजर पोहोचेल तिथवर लाल सडा असतो आणि रुमाल बांधलेल्या बाया ओळीने देठ खुडत बसलेल्या असतात. हंगामाआधी नोंदणी मागणाऱ्याला हंगामाचा पुरावा मागायचा, ही पद्धतच चुकीची आहे.

गावातली एक सोपी वाट सगळ्यांना माहीत आहे. शहरात एक खोली भाड्याने घ्यायची, टेबल-खुर्ची ठेवायची, तीच मुख्य जागा दाखवायची. खोलीला घर नंबर असतो, घरपट्टी असते, वीजबिल असतं. पोर्टलला हवं ते सगळं असतं. धंदा मात्र तिथे नसतो. पुढे तपासणी आली, कुलूप दिसलं की नोंदणी रद्द करण्याची नोटीस निघते, आणि तोवर माल पथारीवर, म्हणजे नोंदणीत नसलेल्या जागेवर पडलेला असतो. मी ही वाट कुणालाच सांगत नाही. शेठला खोली आवडली होती. बरीच समजूत घालावी लागली.

वीजबिल होतं शेतीपंपाचं. जमीनमालक मावशींनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "बिल मना सासराना नाववर शे, पन भरस मीच." सासरे वारलेले. खानदेशात निम्मी बिलं अशीच मागच्या पिढीच्या नावावर चालतात. बिल भरलं जातंय तोवर नाव बदलायला कुणी जात नाही. पण सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली होती, फेरफार मंजूर होता आणि कब्जेदार म्हणून मावशींचंच नाव होतं. मालकी सिद्ध होती. बिल जोडायची गरजच नव्हती. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या 17 एप्रिल 2025 च्या सूचनेत स्पष्ट आहे: भाडेकरार नोंदणीकृत असेल तर करार आणि मालकीचा एक कागद पुरे. यादीत घरपट्टी, वीजबिल आहे. बाकीचं 'स्थानिक कायद्याने मालकी दाखवणारा तत्सम कागद' यात मोडतं. सातबारा तिथेच बसतो.

करार मात्र सुरतेहून गुजरातच्या मुद्रांकावर, नोटरी करून आणलेला. स्थावराचा दस्त जमीन ज्या राज्यात, तिथल्याच दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. तो इथल्या मुद्रांकशुल्कासह नव्याने केला.

दुसऱ्या हरकतीचं उत्तर जीएसटी कायद्यातच आहे. कलम 2(85) मधल्या 'व्यवसायाचं ठिकाण' याच्या व्याख्येत गोदाम आहे, आणि माल साठवायची, द्यायची किंवा घ्यायची दुसरी कोणतीही जागाही आहे. छप्पर हवं, असं कुठेही लिहिलेलं नाही. आरईजी-04 मध्ये, म्हणजे नोटिशीच्या उत्तरात, हे कलम लिहिलं. सोबत गट नंबर, चतुःसीमा, शेडचे आणि वजनकाट्याचे फोटो, आणि मिरची कधी येते, किती दिवस वाळते याचं कंपनीचं पत्र. अर्जातल्या नकाशावरची खूणही हलवली. पत्ता टाकला की ती गावाच्या मधोमध जाऊन बसते. ओढून नेमकी त्या गटावर आणली नाही, तर पुढचा अधिकारी पारावर उभा राहून 'जागा सापडली नाही' लिहितो.

प्रमाणपत्र आलं. जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे सुरतेला 24 होते ते इथे 27 झाले, मधला पॅन तोच. जीएसटीच्या नियम 18 प्रमाणे हा नंबर प्रवेशाच्या फलकावर हवा. कंपनी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नाव स्थानिक लिपीतही हवं, म्हणून गुजराती अक्षरांचा आणलेला फलक परत पाठवला आणि शेडच्या खांबावर देवनागरीतला नवा लावला.

बाजार समितीचा परवाना आणि अन्नसुरक्षेचा परवाना दोन्ही वेगळे; सुरतेचे इथे चालत नाहीत. व्यवसाय करासाठी कंपनीचे वर्षाला 2,500 रुपये. देठ खुडणाऱ्या बायांच्या मजुरीतून मात्र काही कापायचं नाही. महिलांना महिना 25,000 पर्यंत माफी आहे, हे मुकादमाला मुद्दाम बजावलं.

एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. शेतकऱ्याची ओली मिरची बिनकराची, त्यामुळे इथे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जवळजवळ नाहीच. सुरतेला निघालेल्या प्रत्येक गाडीवरचा 5 टक्के कर नंदुरबारला रोख भरायचा, मग तो सुरतेला क्रेडिट म्हणून मिळणार. सरकारला वरकड काही मिळत नाही, कंपनीचा पैसा मात्र अडकतो. सुरतेला पूर्ण क्रेडिट मिळत असल्याने नियम 28 प्रमाणे बिलात लिहिलेली किंमतच मान्य होते, म्हणून शेठला किंमत अगदी खाली लिहायची होती. मी बाजार समितीतला खरेदीचा भाव, अधिक वाळवणीचा खर्च धरायला लावला. मालवाहतुकीच्या ई-वे बिलावर तीच किंमत जाते. रस्त्यात गाडी उभी केली तर ड्रायव्हरजवळ दाखवायला मालाचं बिल आणि हे ई-वे बिल एवढंच असतं.