जितल्या व्हतीन तितल्या

‘आई दिवसभरात क किलो कापूस वेचते. किलोला १० रुपये मजुरी. जायला-यायला टेम्पोचे ३० रुपये जातात. हातात किती राहिले?’

सातवीच्या वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं. बहुतेकांनी १०क − ३० असं लिहून वह्या पुढे केल्या. मला फार बरं वाटलं. सहज विचारलं, “यातला क म्हणजे काय?” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “किलो!”

उत्तर बरोबर, पण समज चुकलेली. क म्हणजे किलो नव्हे. किती किलो, ती संख्या म्हणजे क. चूक माझी होती. ‘रु.’ म्हणजे रुपये, ‘सेंमी’ म्हणजे सेंटिमीटर, तसंच क म्हणजे किलो असं मुलांनी धरलं, कारण अक्षर मीच तसं निवडलं होतं. तेव्हापासून मी वस्तूच्या नावातलं पहिलं अक्षर सुरुवातीला घेतच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन काडेपेट्या नेल्या. दोन्हींत मोजून सारख्याच काड्या भरलेल्या, वर चिकटपट्टी. शेजारी टेबलावर तीन सुट्या काड्या. एकूण काड्या किती? पेट्या हातोहात फिरल्या, कानाशी खुळखुळल्या. कुणी साठ म्हणालं, कुणी शंभर. मी म्हटलं, अंदाज नको, नक्की सांगा. बराच वेळ कुणीच बोलेना. मग खिडकीजवळची, एरवी गप्प असणारी एक मुलगी घरच्या अहिराणीतच म्हणाली, “पेटीमा जितल्या व्हतीन तितल्या, त्यान्या दुप्पट, वर तीन.”

तिचं वाक्य मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. ‘जितल्या व्हतीन तितल्या’ याभोवती गोल काढला, गोलाखाली न लिहिला आणि त्याखाली २न + ३. वर्गात कुणालाही आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चंगदेवाच्या काळातला शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. भास्कराचार्य अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत. यावत्तावत्, म्हणजे जितकं असेल तितकं! लिहिताना त्याचं नुसतं ‘या’ होई आणि सुट्या संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. आमचं २न + ३ त्यांच्या पद्धतीनं ‘या २ रू ३’. मी हे मुलांना सांगितलं तेव्हा ती मुलगी मान खाली घालून हसत होती.

शब्दांतलं गणित अक्षरांत मांडायच्या कामात आपली मराठी पुष्कळ मदत करते. ‘न च्या दुपटीपेक्षा ३ ने कमी’ हे ऐकत जा, लिहीत जा: न, मग २न, मग २न − ३. इंग्रजीत हेच वाक्य ३ पासून सुरू होतं, म्हणून सेमी-इंग्रजीची हुशार मुलंसुद्धा ३ − २न लिहून मोकळी होतात. मराठीत फसायची जागा वेगळी. ‘न मधून ५ वजा केले’ आणि ‘न हा ५ मधून वजा केला’. मी मुलांना एवढंच सांगते, ‘मधून’ ज्याला चिकटलंय ते आधी लिहा.

शब्दांच्या मागे डोळे मिटून गेलं की दगा होतो तो दुपटी-चौपटीच्या समीकरणात. ‘वाडीत शेळ्या गायींच्या चौपट आहेत.’ शेळ्यांची संख्या प, गायींची म. निम्म्या वर्गानं लिहिलं ४प = म. त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी’ हे समीकरण मांडायला दिलं होतं. ३७ टक्के चुकले, आणि बहुतेक जण असंच उलटं लिहून. उपाय एकच: आकडा घालून बघा. गायी ३ तर शेळ्या १२. आता ४ गुणिले १२ म्हणजे ३ होतात का? मुलं स्वतःच खोडतात आणि प = ४म लिहितात. घाई करून मी खोडायचं नाही, हे मात्र पाळावं लागतं.

परवा कापसाच्या गणिताकडे परत गेलो. या वेळी अक्षर न. न = ४० धरलं तर ३७० रुपये. न = २५ तर २२०. मग मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, “बाई, न शून्य असला तर?” वर्गानं वजा ३० काढलं. तो म्हणाला, “पण पाऊस आला की माय जातच नाही. मग टेम्पोचे तीस कशाला कापायचे?”

त्याचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. सोमवारचा पहिला तास त्याचाच.