तुम्ही विचारलंत म्हणून: तीन टक्के

"भाभा झाले, साराभाई झाले, काकोडकर झाले, आणि वीज किती? तीन टक्के! मग तुम्ही लोकांनी एवढी वर्षं केलं काय?" हा प्रश्न मला, जन्मभर अणुवीज केंद्रात नोकरी केलेल्या माणसाला, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या लग्नांत विचारलाय, गंगापूर रोडला सकाळी चालताना विचारलाय, आणि माझा एक शाळासोबती, ज्याने सगळी नोकरी एकलहऱ्याच्या थर्मलला, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रात, केली, तो तर भेटला की आधी हेच विचारतो, तब्येत नंतर. मी "बरोबर आहे तुमचं" म्हणून हसतो आणि घरी येऊन बायकोसमोर तासभर बडबडतो. तिचं म्हणणं, मला नका सांगू, एकदाचं लिहून टाका.

आकडा बरोबर आहे. देशाच्या विजेत आमचा, म्हणजे अणुविजेचा, वाटा तीनच्याच आसपास फिरतो. ट्रॉम्बेच्या ट्रेनिंग स्कूलला होतो तेव्हा "२००० सालापर्यंत १०,००० मेगावॅट" असं लक्ष्य होतं, आणि सुट्टीत नाशिकला आलो की मी ते असं सांगायचो की जणू चेक माझ्याच खिशात आहे. २००० संपलं तेव्हा देशात होते २,७२०. त्या पोराला आज धरून विचारावंसं वाटतं, अरे बाबा, युरेनियम कुठून आणणार होतास? तो म्हणेल, साहेब लोक म्हणाले ते मी सांगितलं, आणि तुम्हाला कळलं होतं तर तुम्ही का नाही सोडलीत नोकरी? तिथे माझी बोलती बंद.

पण एकलहऱ्याच्या मित्राला कोळसा संपला तर वॅगन यायची वाट बघायची असते, आमचं तसं नव्हतं. १९७४ ला पोखरण झालं आणि कॅनडावाले राजस्थानचं दुसरं युनिट अर्धवट टाकून निघून गेले, ते आपल्या लोकांनी पुरं करून १९८१ ला चालू केलं. पंप, व्हॉल्व्ह, हेवी वॉटर, ज्या गोष्टी बाकीचं जग कॅटलॉग बघून मागवतं त्या इथे कुणाच्या तरी वर्कशॉपला पहिल्यांदा बनवून, चुकवून, परत बनवून घ्याव्या लागल्या. कागलजवळच्या कसबा सांगावचे शिवराम भोजे, पुण्याच्या सीओईपीचे मेकॅनिकल इंजिनियर, फ्रान्सला फास्ट रिॲक्टरचं डिझाइन शिकून तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला आले. तिथल्या छोट्या ब्रीडरला (ब्रीडर म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन तयार करू शकणारी भट्टी) फ्रान्सकडून समृद्ध युरेनियम मिळायचं होतं ते मिळालंच नाही, म्हणून प्लुटोनियम कार्बाइडचं इंधन इथेच बनवलं, आणि त्यावर १९८५ ला ती भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे पेटून स्वतःच्या बळावर चालू राहिली. असं इंधन घालून भट्टी चालवायची हिंमत तेव्हा दुसऱ्या कुणी केली नव्हती. नाशिकमध्ये किती जणांना भोजे माहीत आहेत? विचारून बघा, मी विचारलंय.

असो. मला सांगायचंय ते हे नाही.

तारापूरचं तिसरं आणि चौथं युनिट, प्रत्येकी ५४० मेगावॅट, तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी, चौथं २००५ ला आणि तिसरं २००६ ला सुरू झालं. मी तिथे होतो. चौथं तर मुदतीच्या आधी उभं राहिलं, आम्ही पेढे वाटले. आणि मग इंधनच पुरेना. भट्ट्या वाढल्या, खाणी वाढल्या नाहीत, आणि झारखंडातल्या जादूगुडाच्या खाणीचा दगड असा की टनभर फोडला तरी किलोभर युरेनियम निघत नाही. २००७-०८ च्या सुमारास देशातल्या भट्ट्या निम्म्या ताकदीच्या आसपास चालत होत्या. हैदराबादहून इंधनाचे बंडल यायचे, सदतीस नळ्यांचा अर्धा मीटर लांबीचा जुडगा, नवा असताना हातमोजे घालून उचलता येतो. असे बंडल आम्ही रेशनच्या साखरेसारखे मोजून वापरत होतो. मशीन ठणठणीत, माणसं तयार, आणि कंट्रोल रूमला फोन की पॉवर अजून थोडी खाली घ्या.

त्याच दिवसांत माझा थोरला चुलतभाऊ, अण्णा, गेला. निफाड तालुक्यात आमची जमीन, कांदा आणि थोडी द्राक्षं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, बारानंतर. तो मोटर चालू करून दारं धरायला गेला आणि वाफ्यात घोणस चावली. बॅटरी होती हातात, पण एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात फावडं असं किती वेळ चालणार. नाशिकला आणेपर्यंत संपला होता. मी बोईसरहून जव्हार-मोखाडा-त्र्यंबक करत आलो, घाटात दोनदा गाडी थांबवली.

दहाव्याला रामकुंडावर आम्ही सगळे पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत उभे. कावळा येईना. कुणी म्हणे द्राक्षबाग सांभाळू म्हणा, कुणी म्हणे पोरीच्या लग्नाचं बोला. पुतण्या मुंडण केलेला, ओल्या धोतरात, हात जोडून पुटपुटत होता. वेळ जात नव्हता म्हणून असेल, पण अण्णाचा साडू माझ्याकडे वळला, "साहेब, तुमच्या तारापूरची वीज जाते कुठं हो?" सात-आठ माणसांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे उत्तर होतं. खाणी, १९७४, अमेरिकेशी अणुकराराची चाललेली बोलणी, सगळं, आणि त्यात काही गुपित नव्हतं, पेपरातच येत होतं. मी म्हणालो, "ग्रिडमध्ये."

"म्हणजे मुंबईला," तो म्हणाला, आणि परत कावळ्याकडे बघायला लागला.

पुढे गाडी चालवताना मी त्याला मनातल्या मनात पूर्ण लेक्चर दिलं. की शेतीची लाईट कधी सोडायची हे आम्ही ठरवत नाही. की तारापूर फुल पॉवरला असतं तरी अण्णाच्या फीडरचा टाइम टेबल तोच राहिला असता. हे खरं आहे, मी आजही शपथेवर सांगेन. पण सगळ्या राज्यात विजेचा तुटवडा असताना दोन युनिटं अर्धी चालत होती हेही खरं आहे, आणि त्या तुटवड्यामुळेच लाईट रात्रीची होती. या दोन्हींची बेरीज मला कधी जमली नाही. बायको म्हणते, साप काय युनिट बघून चावतो का. तिचंही बरोबर असेल.

आता काकोडकर. तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेच. बाहेरचं युरेनियम हवं तर भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायच्या, अशी ती अमेरिकेशी बोलणी होती. २००६ ला त्यांनी जाहीर सांगितलं की फास्ट ब्रीडर आंतरराष्ट्रीय तपासणीखाली देणार नाही, दिल्लीतल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. आपल्या मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजचा माणूस असा उभा राहतो म्हणून माझी छाती फुगली होती. रामकुंडानंतर मात्र वाटायला लागलं की इकडे बंडल नाहीत आणि हे ब्रीडरवर अडून बसलेत, घाला ना सही, युरेनियम तरी येईल. सप्टेंबर २००८ ला अणुपुरवठादार देशांनी भारताला सूट दिली, ब्रीडर बाहेरच राहिला, आणि बाहेरचं युरेनियम यायला लागलं. म्हणजे ते बरोबर होते. आमची दोन युनिटं तपासणीच्या यादीत नव्हतीच, त्यामुळे ते आयातीचं इंधन आम्हाला मिळणार नव्हतं, पण बाकीच्यांना ते मिळालं म्हणून देशातलं आमच्यासाठी सुटलं.

पण ज्या ब्रीडरसाठी एवढं ताणलं, तो कल्पाक्कमचा ५०० मेगावॅटचा, २००४ ला बांधायला घेतलेला, त्याचा गाभा भरायला सुरुवात झाली २०२४ च्या मार्चमध्ये. भाभांचा थोरियमपर्यंतचा रस्ता, म्हणजे आपल्याकडे भरपूर असलेल्या थोरियमवर वीज करायचा, त्याच्यातूनच जातो, तो सोडला असता तर पुढचं सगळं दार बंद, हे मी कुणालाही पटवून देऊ शकतो. वीस वर्षं लागली, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही.

आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर यावरून अजून भांडणं होतात. गेल्या महिन्यात मी ब्रीडरच्या बाजूने इतकं तावातावाने लिहिलं की एकाने ग्रुप सोडला, आणि त्याच्या आधी दिवाळीत मीच विरुद्ध बाजूने लिहिलं होतं, ते त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवलं होतं.